मृत्युवर्षाचा रकाना : नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाच्या स्कॅनिंगच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू. वाचनालयाच्या माडीवर सात कपाटे आहेत, ‘संदर्भ, बाहेर नेऊ नये’ अशी पाटी लावलेली. त्यांतली विदर्भातल्या लेखकांची आणि विदर्भाविषयीची १९६५ पूर्वीची पुस्तके स्कॅन करून नेटवर सर्वांना वाचायला द्यायची, असा कार्यकारिणीचा ठराव झाला आहे. पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “एवढी जुनी पुस्तकं. त्यांचा कॉपीराइट आता कोणाकडे राहणार?”

प्रश्न रास्त आहे, पण पुस्तक किती जुने यावर काहीच ठरत नाही. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि ती मोजायची मृत्यूनंतरच्या पहिल्या १ जानेवारीपासून. म्हणजे यंदा १९६४ च्या अखेरपर्यंत वारलेल्यांचे लेखन मोकळे. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेरला गेले. तेव्हा मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे त्यांचे लेखन १९७० पासूनच सर्वांचे आहे. पण कोणी १९३० साली पुस्तक लिहिले आणि १९८५ पर्यंत जगले, तर ते पुस्तक २०४५ संपेपर्यंत वारसांचे. आमच्या कपाटात दोन्ही शेजारी शेजारी उभी आहेत, सारखीच पिवळी पडलेली.

९ जानेवारी

रजिस्टर आखले. पुस्तक, लेखक, मृत्युवर्ष, पहिल्या छपाईचे साल, अनुवादक, प्रस्तावनाकार, चित्रकार, हक्क कोणाचे छापले आहेत, शेरा. प्रस्तावना आणि मुखपृष्ठ यांना वेगळे रकाने मुद्दाम ठेवले. मजकूर मोकळा झाला तरी दुसऱ्याने लिहिलेली प्रस्तावना बांधलेली असू शकते. मुखपृष्ठ दीनानाथ दलालांचे असेल तर ते १९७१ मध्ये गेले, म्हणजे चित्र २०३१ संपेपर्यंत थांबायचे. अशा पुस्तकाची आतली पाने द्यायची, मुखपृष्ठ नाही.

छपाईचे साल बहुतेक पुस्तकांवर शके. ७८ मिळवले की इसवी सन निघते, वर्षअखेरच्या महिन्यांत एकाचा फरक. मागच्या पानावर ‘हें पुस्तक सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणें रजिस्टर केलें आहे’ अशा धाटणीची ओळ दिसते. ती छापखान्यांच्या आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या कायद्याची. हक्क कोणाचे हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी ‘सर्व हक्क कर्त्याचे स्वाधीन’ की ‘प्रकाशकाचे स्वाधीन’ ते पाहायचे. प्रकाशकाचे असले तरी ६० वर्षे लेखकाच्याच मृत्यूपासून.

संध्याकाळपर्यंत चाळीस पुस्तके चढवली. मृत्युवर्षाच्या रकान्यात नऊ नोंदी, बाकी कोरा. लेखक नामांकित असेल तर साल कोशात मिळते. पण मालगुजारीवर पुस्तिका लिहिणारा वकील कधी गेला? गोंडांच्या गोष्टी जमवणारी शिक्षिका कधी गेली? हे कुठे लिहिलेले नाही.

२२ जानेवारी

स्कॅनिंगची मांडणी जमली. पुस्तक व्हीच्या आकाराच्या पाळण्यात ठेवायचे, वरून काच, दोन बाजूंना दोन कॅमेरे. सपाट स्कॅनरवर पालथे दाबले की जुन्या शिलाईचे दोरे तुटतात. मूळ प्रत ४०० डीपीआयची टिफ, वाचकांसाठी पीडीएफ. कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कोपरा हातात येतो. कॉलेजचे दोन विद्यार्थी मदतीला आहेत, हात हलका आहे त्यांचा.

११ फेब्रुवारी

मदतीला असलेल्या मुलीने आज सरळ विचारले, “मॅडम, गूगलनं अख्खी लायब्ररी स्कॅन केली, कोर्टानं ते फेअर यूज म्हटलं. मग आपण काहून थांबायचं?”

तिला बसवून सांगितले, इथेही लिहून ठेवते, कारण हा प्रश्न पुन्हा येणार. गूगलने २००४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन करायला घेतली. २००५ मध्ये लेखकांच्या संघटनेने दावा लावला. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने गूगलच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. पण गूगलने प्रताधिकार असलेली पुस्तके पूर्ण वाचायला दिलीच नव्हती. शब्द शोधला की दोनचार ओळींचा तुकडा दिसायचा. निकाल त्या शोधावर आणि त्या तुकड्यांवर उभा आहे. इंटरनेट अर्काइव्हने अख्खी पुस्तके उसनी द्यायची पद्धत ठेवली, एका छापील प्रतीमागे एका वाचकाला एक डिजिटल प्रत. तिच्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच अपील न्यायालयाने अर्काइव्हच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे अमेरिकेतही ‘ग्रंथालय आहे, फुकट देते’ एवढ्याने भागले नाही.

आणि आपला कायदा त्यांचा नाही. तिथे न्यायाधीश चार कसोट्या लावून वापर न्याय्य (फेअर यूज) की नाही ते ठरवतात. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये काय चालेल त्याची यादीच दिली आहे : खासगी अभ्यास आणि संशोधन, टीका आणि परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त, वर्गातले शिकवणे, अशी. यादीत बसते का, हे आधी पाहायचे.

या कलमातले दोन खंड आमच्या उपयोगाचे आहेत. ‘एन’ खंड २०१२ च्या दुरुस्तीने आला : नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. ‘ओ’ खंड सांगतो की भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. म्हणजे कपाटातले प्रत्येक पुस्तक आम्ही आजच स्कॅन करू शकतो. लेखक हयात असला तरी. वाळवी लागायच्या आत, पान तुटायच्या आत. हा फार मोठा हक्क आहे आणि बहुतेक वाचनालयांना तो माहीतच नाही. मात्र ‘साठवणे’ म्हणजे जगाला दाखवणे नव्हे. नेटवर टाकणे हे वेगळे काम, त्याला मुदत संपलेली हवी किंवा संमती.

म्हणून आजपासून दोन हार्ड डिस्क. एकीवर ‘जतन’, दुसरीवर ‘प्रकाशन’. पहिलीवर सगळे जाईल. दुसरीवर मृत्युवर्षाचा रकाना भरलेले किंवा संमतीपत्र जोडलेले एवढेच.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. शाळेची मुले आली. एकाने कुसुमाग्रजांची कविता स्क्रीनवर मागितली. ते १० मार्च १९९९ ला गेले, म्हणून २०५९ संपेपर्यंत ती आमच्या संकेतस्थळावर येणार नाही. कपाटातले पुस्तक काढून त्याच्या हातात दिले. त्याने उभ्यानेच चार पाने वाचली.

भा. रा. तांब्यांची मात्र उघडून दाखवली. तिचीही एक हकीकत आहे. तांबे ७ डिसेंबर १९४१ ला गेले, रवींद्रनाथही त्याच वर्षी. ५० वर्षांच्या हिशेबाने दोघांचे लेखन १ जानेवारी १९९२ ला मोकळे व्हायचे होते. रवींद्रनाथांचे हक्क त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाकडे होते. १९९१ च्या डिसेंबरअखेर वटहुकूम निघाला, मुदत ६० वर्षांची झाली, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. एका मोठ्या कवीसाठी घेतलेल्या निर्णयात दुसऱ्या भाषेतला कवी दहा वर्षे अडकला. मला हे बरे वाटत नाही. वाचकांना हे माहीत असावे म्हणून लिहिते.

१८ मार्च

आनंदाचा दिवस. कुसुमावती देशपांडे यांची चार पुस्तके प्रकाशनाच्या डिस्कवर गेली : ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे कथासंग्रह आणि समीक्षेचे ‘पासंग’. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या या बाई १९६१ च्या ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेल्या. म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून त्यांचे हयातीतले लेखन मोकळे आहे. तीन वर्षे झाली, आणि आम्ही कपाटाला कुलूप लावून बसलो होतो.

‘कुसुमानिल’ मात्र नाही. ती त्यांची आणि कवी अनिलांची पत्रे. पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले, आणि लेखकाच्या पश्चात छापलेल्या मजकुराची ६० वर्षे छपाईच्या सालापासून मोजतात. शिवाय निम्मी पत्रे अनिलांची, ते १९८२ मध्ये गेले. त्यांचा वाटा २०४२ संपेपर्यंत बांधलेला. एका घरातली दोन माणसे, एकाच पाकिटातली उत्तर-प्रत्युत्तरे, आणि कायद्याची दोन वेगळी घड्याळे. पुस्तक जतनाच्या डिस्कवर ठेवले.

९ एप्रिल

दंडार या लोकनाट्यातल्या गाण्यांचे ७२ पानी पुस्तक, किंमत चार आणे, ‘सर्व हक्क संग्राहकाचे’. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या एका मास्तरांनी गावोगाव फिरून जमवलेले. गाणी लोकांची, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही. पण निवड, मांडणी, तळटिपा आणि वीस पानांची प्रस्तावना मास्तरांची. मृत्युवर्ष कोरे.

पुस्तकावर धंतोलीचा पत्ता. घर पडून तिथे इमारत उभी आहे, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने धाकट्या मुलाचा ठावठिकाणा दिला. संध्याकाळी गेले. काका सत्तरीचे. त्यांना साल आठवेना. मग त्यांनीच बैठकीतल्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवले. खाली रंगाने लिहिलेले : जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा. २३ सप्टेंबर १९७१.

म्हणजे २०३१ संपेपर्यंत संमती लागणार. काका म्हणाले, “आमच्या बाबाचं पुस्तक लोकं वाचतीन तं आमची काय ना आहे जी? लिहा तुम्ही, मी सही करतो.” पण एकट्यांची सही पुरत नाही. मास्तरांनी मृत्युपत्र केले नव्हते, हक्क सगळ्या वारसांचा. तीन भाऊ, त्यांतले एक वारलेले, त्यांच्या पत्नी आणि मुलगा आहेत, आणि सर्वांत थोरली बहीण ब्रह्मपुरीला. परवानगी लेखी हवी, तोंडी होकार धरता येत नाही. काकांनी चहा घेतल्याशिवाय सोडले नाही.

परतताना ठरवले : यापुढे कोणाच्या घरी गेले की बैठकीतले फोटो आधी पाहायचे. एवढ्या वर्षांत विदर्भातल्या शेकडो लिहित्या माणसांच्या मृत्यूच्या तारखा त्या फोटोंखाली आहेत, आणि घरे पडतात तसे ते फोटोही जातात.

१४ मे

ऊन असह्य. काम सकाळी सहा ते साडेनऊ. कॅमेरे तापून बंद पडतात, आणि कूलरच्या ओलाव्यात पुस्तक ठेवता येत नाही.

ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी यंत्रणा, चालवून पाहिली. आजच्या छपाईवर चांगली चालते. जुन्या शुद्धलेखनात अडखळते : ‘कांहीं’, ‘नाहींत’, ‘घरांतून’ यांतले अनुस्वार गाळते किंवा भलतीकडे लावते. १९६२ च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण आमची पुस्तके त्याच्या आधीची. ठरले असे की शोधासाठी मजकूर यंत्राचा, वाचायला पानाचे चित्र. जिथे आम्ही हाताने तपासू तिथे जुने लेखन जसेच्या तसे ठेवायचे. ते सुधारायचा अधिकार आमचा नाही.

२ जुलै

आमची चूक झाली. एक बंगाली कादंबरीचा मराठी अनुवाद एप्रिलमध्ये प्रकाशित केला होता. मूळ लेखक १९३८ मध्ये गेलेले, तेवढे पाहून रकान्यात ‘मोकळे’ लिहिले गेले. अनुवादकाच्या रकान्यात नाव होते, साल नव्हते, आणि ते मी पाहिले नाही. अनुवाद ही स्वतंत्र कृती असते आणि तिची ६० वर्षे अनुवादकाच्या मृत्यूपासून. काल अमरावतीहून त्यांच्या मुलीचे पत्र आले. वडील १९८३ मध्ये गेले, त्यांच्या अनुवादाची नवी आवृत्ती ती स्वतः काढते आहे. पत्रात राग नव्हता, दुःख होते : “एकदा विचारले असते तर बरे झाले असते.”

संध्याकाळपर्यंत फाइल काढली, दुसऱ्या दोन ठिकाणी गेलेल्या प्रतीही काढायला कळवले, तिला फोन करून माफी मागितली. नव्या आवृत्तीच्या दोन प्रती वाचनालयासाठी नोंदवल्या. प्रकाशित झालेल्या सगळ्या पुस्तकांची फेरतपासणी उद्यापासून, आणि यापुढे एकाने भरलेला रकाना दुसऱ्याने सही करून पक्का करायचा.

७ जुलै

फेरतपासणीत आणखी एक निघाले. मजकूर मोकळा, पण नकाशे दुसऱ्याचे. नकाशांची पाने तूर्त झाकली.

२१ ऑगस्ट

एका प्राध्यापकांनी दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्याचा दाखला देऊन अख्खे पाठ्यपुस्तक चढवायला सांगितले. २०१६ च्या त्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने वर्गासाठी केलेल्या उताऱ्यांच्या संचांना शिकवण्याच्या सवलतीत धरले. तो वर्गाचा मामला आहे. सर्वांसाठी नेटवर ठेवायला त्याचा आधार मिळत नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांना वाचनालयात बसून वाचायची सोय करून दिली.

खरा पेच वेगळाच आहे. सव्वीस पुस्तके अशी निघाली की लेखक कोण ते माहीत, कधी गेला ते नाही, वारस कुठेच सापडत नाहीत. छापखाने बंद, प्रकाशकांच्या पत्त्यावर आता कापडाची दुकाने. अशा पुस्तकांसाठी कायद्यात कलम ३१ ए आहे : परवान्यासाठी अर्ज करायचा, ठरेल ती रॉयल्टी जमा करून ठेवायची, पुढे कोणी हक्कदार आला तर ती त्याची. कल्पना न्यायाची आहे. पण अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. भंडाऱ्याकडच्या कोणा दिवंगत मास्तरांची नातवंडे दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी पेपरातली ती चौकट वाचतील? जाहिरातीचा खर्च आमच्या वर्षाच्या पुस्तकखरेदीहून जास्त. त्या जाहिरातीने वारस सापडण्याची शक्यता नाही, आणि लहान वाचनालयाने हा रस्ता धरण्याचीही. मराठी पुस्तकाची नोटीस मराठीत, त्या जिल्ह्यात खपणाऱ्या पेपरात निघाली पाहिजे, असे कार्यकारिणीकडून लेखी पाठवते आहे.

तोवर आम्ही आमची यादी केली आहे. सव्वीस नावे, पुस्तकाचे शीर्षक आणि गाव एका पानावर छापून सावनेर, उमरेड, काटोल, भंडारा, तुमसर इथल्या वाचनालयांच्या फळ्यांवर लावायला दिली. ‘यांना ओळखता का?’ एवढाच मथळा.

४ ऑक्टोबर

परवा दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीकडे पुस्तकांच्या दुकानांची रांग, पाय ठेवायला जागा नाही. काल तिथून तिघे तरुण थेट वाचनालयात आले, बाबासाहेबांचे सगळे लेखन नेटवर मोकळे आहे का विचारत. हयातीत छापलेले १ जानेवारी २०१७ पासून मोकळे आहे, ते ६ डिसेंबर १९५६ ला गेले म्हणून. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये निघाले, ते १ जानेवारी २०१८ पासून. पण हस्तलिखितांत राहिलेले जे महाराष्ट्र शासनाने पुढे खंडांतून प्रथमच छापले, त्याची ६० वर्षे त्या त्या खंडाच्या सालापासून. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ चे, म्हणजे २०४७ ची अखेर. तिघांनी वहीत लिहून घेतले. त्यातला एक म्हणाला, मग मराठी अनुवादाचं काय? त्याने बरोबर जागी बोट ठेवले. अनुवादक कोण, कधी गेला, ते प्रत्येक पुस्तकाचे वेगळे पाहायचे.

१२ नोव्हेंबर

दृष्टी गेलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने ग. त्र्यं. माडखोलकरांची कादंबरी ऐकायला मागितली. माडखोलकर १९७६ मध्ये गेले, २०३६ संपेपर्यंत मुदत आहे. पण इथे कायदा आड येत नाही, उलट साथ देतो. २०१२ च्या दुरुस्तीनेच कलम ५२ मध्ये ‘झेड बी’ खंड घातला : अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून तिला देता येते, खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश करारावर मान्यतेची मोहोर उठवणारा पहिला देशही भारतच, २०१४ मध्ये.

जतनाच्या डिस्कवरून पाने काढली, मदतीला असलेल्या मुलीने तीन आठवडे बसून ओसीआरचा मजकूर ओळीओळीने तपासला. आज बाईंच्या फोनवर वाचून दाखवणाऱ्या अॅपमध्ये पहिले प्रकरण सुरू झाले. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, “हे वाक्य पुन्हा लावता?” आम्ही लावले.

फाइल फक्त त्यांना दिली आहे, रजिस्टरात तशी नोंद.

१ जानेवारी २०२६

मध्यरात्रीपासून १९६५ मध्ये वारलेल्यांचे लेखन मोकळे. आमच्या रजिस्टरात तशी सहा पुस्तके, सहाही तयार होती, सकाळी चढवली. फळ्यांवरच्या यादीतल्या सव्वीसपैकी चौघांची मृत्युवर्षे आली, दोन तुमसरहून. पुढच्या वर्षांची यादीही आज केली : नागपूर जिल्ह्याचे १९६६ चे गॅझेटिअर शासकीय प्रकाशन आहे, त्याची ६० वर्षे छपाईपासून, म्हणून ते १ जानेवारी २०२७ ला. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, तेव्हा ‘ग्रामगीता’ १ जानेवारी २०२९ ला.

१९ जानेवारी २०२६

दंडारीच्या पुस्तकाची शेवटची सही आली. भाऊ आणि वहिनी-पुतण्याच्या सह्या दिवाळीतच झाल्या होत्या, ब्रह्मपुरीच्या थोरल्या बहिणीची राहिली होती. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी सही केली, पण सोबत नातवाकडून चिठ्ठी लिहून पाठवली : वाचायला सर्वांना द्या, विकायला कोणाला देऊ नका, आणि पान ४१ वरचे गाणे अर्धे छापले आहे.

फोन लावला. म्हणाल्या, बाबा लिहून घेत होते तेव्हा मी शेजारीच बसून होते, तिसरं कडवं छापखान्यात गळलं, बाबांना शेवटपर्यंत टोचत होतं. आणि त्यांनी ते फोनवर गाऊन दाखवले. मदतीला असलेल्या मुलीने रेकॉर्ड केले, मी लिहून घेतले, परत वाचून दाखवले, दोन शब्द त्यांनी सुधारले.

पुस्तक आज प्रकाशनाच्या डिस्कवर. पान ४१ मास्तरांनी छापले तसेच. तिसरे कडवे शेवटी वेगळ्या पानावर, त्यांच्या मुलीच्या नावाने, तिच्या परवानगीने, तारखेसह.